दोन तारा आणि एक वही

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या ज्युनियरना मी हल्ली एक प्रश्न विचारते. तुम्ही एखादी गोष्ट सगळ्यांच्या आधी केलीत, पण नीट नोंदवली नाहीत, तर ती तुमची का? बहुतेक जण पटकन ‘नाही’ म्हणतात. काही जण जरा थांबतात. थांबणारे मला जास्त आवडतात, कारण उत्तर इतकं सोपं नाही. त्यांना मी एका खेळण्यातल्या विमानाची गोष्ट सांगते. त्या विमानाच्या पेटंटवरून अमेरिकेत कोर्टकचेरी झाली होती. तशाच एका विमानावरून आमच्या घरात दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस अबोलाही झाला होता. दोन्ही गोष्टी आज सांगते.

आधी हे विमान काय असतं ते बघू. त्याला कंट्रोल लाइन मॉडेल म्हणतात. रिमोट नाही, बॅटरीवरचा रेडिओ नाही. मैदानाच्या मध्यभागी तुम्ही हातात एक हँडल घेऊन उभे राहता. हँडलपासून स्टीलच्या दोन बारीक तारा निघतात आणि विमानाच्या डाव्या पंखातून आत जातात. इंजिन सुरू झालं की विमान तुमच्याभोवती गोल फिरतं आणि तुम्ही त्याच्याबरोबर स्वतःभोवती. पहिल्या दिवशी चक्कर येते, हे आधीच सांगून ठेवते.

पंखाच्या आत एक छोटी पत्र्याची पट्टी मधोमध खिळीवर बसवलेली असते. तिला बेलक्रँक म्हणतात. दोन तारा तिच्या दोन टोकांना जोडलेल्या. हँडल मनगटातून मागे झुकवलं की एक तार खेचली जाते, दुसरी सैल होते, पट्टी फिरते, आणि तिला जोडलेली सळई शेपटीवरचा एलेव्हेटर वर उचलते. नाक वर. हँडल पुढे झुकवलं की नाक खाली. बस, एवढंच. डावं-उजवं काहीच नाही, कारण डावं-उजवं तारांनी आधीच ठरवलेलं असतं. पण या एका हालचालीवर माणसं लूप मारतात, विमान उलटं उडवतात, डोक्यावर आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढतात, चौकोन काढतात, त्रिकोण काढतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत या प्रकाराला एफ-टू-बी म्हणतात. तिथे तारांची लांबी १५ ते २१.५ मीटरच्या दरम्यान लागते आणि परीक्षक प्रत्येक आकृतीला गुण देतात. वर्गातल्या भूमितीच्या पेपरसारखंच, फक्त कागद अर्धगोल आहे आणि पेन्सिल ताशी ७०-८० किलोमीटरने पळते आहे.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लगेच विचारायला हवं: तारा ताठ कशाने राहतात? बारावीचं सूत्र काढा. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. आमच्या घरच्या विमानाचे आकडे घेऊ. वजन ६०० ग्रॅम, वर्तुळाची त्रिज्या १६ मीटर, एका फेरीला ५ सेकंद. वेग येतो सेकंदाला साधारण २० मीटर. ताण येतो सुमारे १५ न्यूटन, म्हणजे दीड किलोची पिशवी हातात धरल्यासारखा. आता हेच विमान चढून बरोबर डोक्यावर आलं, तर गुरुत्व त्याला तुमच्याकडे ओढतं. सहा न्यूटन वजा करा, उरले नऊ. शिवाय चढताना वेग कमी होतो. तो २० टक्क्यांनी घटला असं धरलं, तर ताण उरतो जेमतेम ४ न्यूटन.

या चार न्यूटनवर सगळा खेळ आहे. ताण नसला तर हँडल कितीही वाकडं करा, बेलक्रँक फिरणार नाही. तार ढिली पडली की विमान तुमचं राहत नाही. म्हणून कंट्रोल लाइन विमानाचं ट्रिमिंग, म्हणजे उड्डाणं घेऊन घेऊन त्याची बारीक जुळवाजुळव करणं, हे मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरतं: प्रत्येक स्थितीत तारा ताठ कशा राहतील?

हा प्रश्न तारांच्या विमानापेक्षा जुना आहे. ट्रिमिंग ही कल्पना माणूस विमानात बसायच्या कितीतरी आधीची. इंग्लंडात जॉर्ज केली याने १८०४ साली एक छोटं ग्लायडर केलं. एका काठीवर पतंगासारखा पंख, मागे हलवता येणारी शेपटी, आणि पुढे वजन. वजन सरकवायचं, शेपटी वाकवायची, सोडून बघायचं. पुढे १८७१ मध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोन्स पेनो याने रबराच्या पिळावर चालणारं विमान उडवलं. ११ सेकंद, सुमारे ४० मीटर. त्याने शेपटी पंखापेक्षा किंचित खालच्या कोनात बसवली होती, म्हणून ते आपलं आपण स्थिर राहिलं. आणि १८७९ मध्ये व्हिक्टर तातँ या फ्रेंच माणसाने दाबलेल्या हवेवर चालणारं विमान एका खांबाला बांधून गोल गोल पळवलं आणि जमिनीवरून उचललं. बांधून का? कारण बांधलेलं विमान परत तिथेच येतं. मोजता येतं. पुन्हा उडवता येतं. प्रयोगशाळेत आपण नमुना क्लॅम्पमध्ये धरतो त्यातलाच हा प्रकार.

इथे कोणीतरी तळपद्यांचं नाव काढणार, मला माहीत आहे. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचं मानवरहित विमान उडवलं, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना कुठूनतरी ऐकलेली असते. मीही ऐकली, आणि अभिमानाने वक्तृत्व स्पर्धेत सांगितलीसुद्धा. (दुसरा नंबर आला.) पुढे भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करताना तीच गोष्ट पुन्हा वाचली, तेव्हा खटकलं ते एवढंच: किती सेकंद? किती अंतर? गुरुत्वमध्य कुठे होता? आधीच्या अयशस्वी चाचण्या किती? गोष्टीत उंचीचा आकडा येतो, १५०० फूट, पण तो मोजला कसा हे येत नाही. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातल्या विमानांचा वायुगतिकीच्या अंगाने अभ्यास केला आणि ती उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष काढला. या ग्रंथाचं नाव तळपद्यांच्या गोष्टीला नेहमी चिकटवलं जातं. तो निबंध जरूर मिळवून वाचा. भाषा संयत आहे, टर उडवलेली नाही, फक्त एकेक दावा घेऊन तपासला आहे. परीक्षण कसं लिहावं याचा तो चांगला नमुना आहे.

त्याच्या शेजारी अमेरिकेतला सॅम्युअल लँगली ठेवा. ६ मे १८९६ रोजी त्याचं वाफेवर चालणारं, माणूस नसलेलं विमान पोटोमॅक नदीवर सुमारे ३३०० फूट उडालं. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिथे हजर होता आणि त्याने फोटो काढला. त्याआधीची किती विमानं पाण्यात पडली, तेही लिहिलेलं आहे. मला लँगलीच्या यशापेक्षा ही पडझडीची नोंद जास्त महत्त्वाची वाटते. तळपद्यांनी खटपट केलीच नसेल असं मी म्हणत नाही. त्यांची खटपट आपल्याला पुढे नेता येत नाही, कारण ती आपल्या हातात आलीच नाही.

आता ती कोर्टाची गोष्ट.

१९४० च्या सुमाराला अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात जिम वॉकर नावाचा एक उद्योगी माणूस होता. त्याची खेळण्यातल्या विमानांची कंपनी होती. त्याने ‘फायरबॉल’ नावाचं तारांवर उडणारं विमान बाजारात आणलं, पद्धतीला ‘यू-कंट्रोल’ असं नाव दिलं आणि १९४२ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. वॉकर प्रात्यक्षिकं करायचा तीही अफाट. एका वेळी तीन विमानं, दोन दोन्ही हातांत आणि तिसरं डोक्याला बांधून. युद्धानंतर तरुण मुलांमध्ये हा छंद वणव्यासारखा पसरला, आणि तारा-बेलक्रँक वापरणाऱ्या इतर कंपन्यांकडून वॉकर आपला हक्क मागू लागला.

१९५० च्या दशकाच्या मध्याला कॅलिफोर्नियातल्या लेरॉय कॉक्सने तो द्यायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं. कॉक्सच्या बाजूने एक नाव पुढे आलं: ओबा सेंट क्लेअर. हाही ऑरेगनचाच. याने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातच, म्हणजे वॉकरच्या आधी, तारा आणि विमानातली फिरणारी पट्टी वापरून एलेव्हेटर हलवला होता. पेटंट घेतलं नव्हतं, धंदा केला नव्हता. त्याची आधीची यंत्रणा कोर्टापुढे मांडली गेली, ती आधीची ठरली आणि वॉकरचं पेटंट रद्द झालं. सेंट क्लेअरला पैसे मिळाले असं नाही. फक्त त्या कल्पनेवर एकट्याची मालकी उरली नाही, आणि कोणीही तारांचं विमान बनवून विकू लागलं.

साहित्य-समीक्षण, म्हणजे लिटरेचर रिव्ह्यू, का करायचा असं जेव्हा तुम्हाला वाटतं, तेव्हा वॉकर आठवा. तो चोर होता असं मी म्हणणार नाही. त्याने छंद घराघरात नेला, हे त्याचं श्रेय खरंच आहे. पण ‘हे पहिल्यांदा मीच केलं’ या वाक्याची किंमत, ते खोडून काढणारा माणूस त्याच राज्यात राहत असू शकतो, इतकी असते.

पेटंटची भांडणं चालू असतानाच, खरं सांगायचं तर, जास्त महत्त्वाचं काम दुसरीकडे चाललं होतं. सुरुवातीची विमानं एका जागी गोल फिरत, फार तर एखादा लूप मारत. टेक्सासच्या जॉर्ज ऑल्ड्रिचचं ‘नोब्लर’ नावाचं विमान १९५२ मध्ये मासिकात आराखड्यासह छापून आलं आणि चित्र पालटलं. त्याच्या पंखाला मागे फ्लॅप होते आणि ते एलेव्हेटरला जोडलेले होते, उलट दिशेने. एलेव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली. त्यामुळे वळताना पंखाला नेमकी तेव्हाच जास्त उचल मिळते आणि कोपरा काटकोनाच्या जवळ जातो. बॉब पामरसारखे इतरही त्याच वाटेने चालले होते. इंजिनातही गंमत होती. त्या काळच्या फॉक्स ३५ या इंजिनाला सरळ उड्डाणात मुद्दाम इंधन जास्त द्यायचे. मग ते एक फेरा सोडून एक फेरा पेटायचं, आवाज जाडसर, शक्ती कमी. नाक वर केलं की मिश्रण पातळ व्हायचं, इंजिन प्रत्येक फेऱ्याला पेटायचं आणि जोर वाढायचा. चढताना शक्ती हवी तेव्हा ती आपोआप. मधे ना संगणक, ना सेन्सर. टाकी किती उंचीवर बसवली आणि सुई किती फिरवली, यावर सगळं.

हे सगळं कुणा विद्यापीठात नाही झालं. मैदानात झालं. शनिवार-रविवारी. आणि ते टिकलं, कारण ही माणसं लिहायची. मासिकांत आराखडे, पत्रं, वाद. बिल नेट्झबँडसारख्याने तारांचा ताण आणि एलेव्हेटर हलवायला लागणारं बल यांचं गणित मांडलं: ताण जितका कमी, तितका एलेव्हेटर कमी हलवता येणार, आणि वाऱ्यात नेमका तेव्हाच तो जास्त हलवावा लागतो. आपल्याकडे ज्याला ‘अनुभवाने कळतं’ म्हणून सोडून देतात, त्याला त्यांनी चल आणि परिणाम अशी भाषा दिली.

त्यातली मला सगळ्यात देखणी वाटणारी चाचणी सांगते. नीट वाचा, ही तुमच्या कुठल्याही विषयात उपयोगी पडेल.

विमान तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर सरळ उडतंय. तुम्हाला पंखाची खालची बाजू दिसते आहे. म्हणजे बाहेरचा पंख किंचित खाली लोंबतोय. का? दोन मुख्य कारणं संभवतात. एक, बाहेरच्या पंखाच्या टोकात वजन जास्त झालंय. तिथे मुद्दाम थोडं शिसं ठेवलेलं असतं, कारण आतल्या पंखाला तारांचं वजन पेलायचं असतं. दोन, पंखाला पीळ आहे. लाकूड किंवा फ्लॅप जरा वाकडा झालाय आणि हवा त्या पंखाला खाली दाबते आहे. समोरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. मग वेगळे कसे करायचे?

विमान उलटं उडवा. वजन गुरुत्वाने ओढलं जातं, आणि गुरुत्वाला विमान उलटं आहे की सुलटं याच्याशी देणंघेणं नाही. शिसं जास्त असेल तर बाहेरचा पंख उलट्यातही खालीच राहील. पण पीळ विमानाच्या अंगाचा आहे. विमान उलटलं की त्याची दिशाही उलटते, आणि आता बाहेरचा पंख वर जाईल. एकच उड्डाण, दोन स्थिती, दोन कारणं सुटी. रसायनशास्त्रात, मानसशास्त्रात, शेतीच्या प्रयोगात तुम्ही हेच शोधत असता: अशी एक स्थिती, जिच्यात दोन संशयित वेगवेगळं वागतील.

हे मला आज इतकं स्वच्छ सांगता येतं. तेव्हा येत नव्हतं.

रत्नागिरीत एनसीसी म्हटलं की नौदल. आमच्या गावात नेव्हल युनिट आहे, त्यामुळे इथली मुलं जहाजांची मॉडेलं करतात. विमानं मुंबईकडे. एनसीसीची वायुदल शाखा १९५० मध्ये सुरू झाली तीच मुळी मुंबई आणि कोलकाता या दोन शहरांत, एकेका स्क्वाड्रनने. तिच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंग आहे, आणि भारतातल्या कित्येक पोरांनी तारांचं विमान पहिल्यांदा हातात धरलं ते या शाखेमुळे. माझे काका त्यातले एक. सत्तरच्या दशकात शिकायला मुंबईला होते, एअर विंगमध्ये गेले, आणि परत येताना एका पेटीत विमान घेऊन आले. बाल्सा लाकडाचे पंख, त्यावर टिश्यू कागद आणि डोपचे थर, पुढे कोलकात्याचं ऑरोरा डिझेल इंजिन. या छोट्या डिझेल इंजिनाला इंधन लागतं ते ईथर, रॉकेल आणि एरंडेल असं. एरंडेलाचा तो जळका वास एकदा कपड्यांना लागला की दोन धुण्यांत जात नाही. पेटीत विमानाबरोबर एक वहीही होती, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आले होते. माझा प्रयोग अडकलेला, गाइडशी बोलायची इच्छा नाही. काकांनी पेटी काढली. म्हणाले, ‘हे उडवू या. तुला येईल.’ महिनाभर आधी त्यांनी इंजिन सोडून साफ केलं होतं, हे मला नंतर काकूकडून कळलं.

शहराबाहेरच्या सड्यावर गेलो. आमचा सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ, दिवाळीत त्यावर पिवळं पडलेलं गवत. (तुम्ही कोकणात कुठे असं काही करणार असाल, तर आधी दोन गोष्टी बघा. एक, वरून विजेच्या तारा जात नाहीत ना. स्टीलच्या तारा हातात धरून विजेच्या लाइनजवळ उडवणं म्हणजे जिवाशी खेळ. दोन, पायाखाली कातळशिल्पं नाहीत ना.) पहाटे मतलई वारा पडतो आणि दहाच्या पुढे समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, त्यामधला तास-दीड तास हवा स्तब्ध असते. काका त्याच वेळात उडवायचे. पहिल्या दोन दिवसांत मी सरळ उडवायला शिकले. तिसऱ्या दिवशी हलकी चढण आणि उतार. मला पंखाची खालची बाजू दिसत होती. बाहेरचा पंख लोंबत होता.

मी वही काढली. काकांच्या अक्षरात एका पानावर होतं: ‘टोकाचे शिसे १० ग्रॅम कमी केले. बरे.’ पुढच्या पानावर: ‘शिसे परत लावले. बरे.’ मला हसू आलं. दोन्ही बरे? किती मूळ, कुठे मोजलेलं, वारा काय, ‘बरे’ म्हणजे काय? शेवटच्या पानावर मात्र एक आकडा अधोरेखित होता: टोकाला ३० ग्रॅम. आत्ताही तिथे ३० ग्रॅमच होतं.

मी ठरवलं की ते जास्त आहे. उलटं उडवून बघायला हवं होतं, पण मला उलटं उडवता येत नव्हतं, आणि काकांना त्यांच्या गुडघ्यांमुळे स्वतःभोवती फिरणं जमणार नव्हतं. म्हणून मी अंदाजावर गेले. त्या दुपारी बसून शिसं १५ ग्रॅमवर आणलं. हात लागलाच आहे तर म्हणून, तारा पंखातून बाहेर पडतात ती जागाही जरा पुढे सरकवली, कारण विमान वळताना मागेपुढे डोलतंय असं मला वाटलं होतं. दोन्ही बदल वहीत लिहिले नाहीत. रात्री लिहू म्हटलं.

संध्याकाळी चार वाजता परत सड्यावर. काका म्हणाले, ‘अगो, वारा बघितलास का? उद्या सकाळी उडव.’ मला सुट्टी संपायच्या आत डोक्यावरून नेऊन दाखवायचं होतं. उडवलं. सरळ उड्डाणात पंख अगदी समपातळीत! मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच फेरीत मी ते वर खेचलं. डोक्यावर आलं, आणि हँडल हातात रिकामं झालं. रिकामं हाच शब्द. मागे धावले, जेवढं धावता येईल तेवढं. तारा ताठ व्हायच्या आत ते कातळावर होतं. इंजिनाची बैठक तुटली, आतला पंख मुळापासून गेला.

काका काही बोलले नाहीत. तुकडे गोळा केले, टिश्यूचे कपटेसुद्धा. घरी येईपर्यंत नाही बोलले, आणि पुढचे दोन दिवसही फारसं नाही. मला वाटत होतं, रागावलेत. पन्नासेक वर्षं जपलेली वस्तू मी एका संध्याकाळी मोडली होती, रागवायला हवंच होतं. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी वही पुढे सरकवली आणि विचारलं, ‘कशामुळे पडलं?’

मी बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं. शिसं कमी झालं म्हणून? शिसं कमी झालं की डोक्यावर ताण जातो, हे बरोबर. तारांची जागा पुढे गेली म्हणून? त्यानेही नाक आत वळतं आणि ताण जातो. वारा? तो तर विमानाला वर्तुळात आत ढकलत होता. तीन कारणं, तिन्ही एकाच दिशेने ढकलणारी, आणि मी तिन्ही एकाच उड्डाणात बदललेली. मला माहीत नव्हतं. कळायचा मार्गही मीच बंद केला होता. प्रयोगशाळेत मी नेमकं हेच करून सहा महिने अडकले होते: एका वेळी तापमान आणि दाब दोन्ही हलवून, मग आलेख का जुळत नाही म्हणून डोकं धरून. तिथे यंत्र मोडत नव्हतं, म्हणून कळत नव्हतं, एवढाच फरक.

दुरुस्तीला पुढची मे महिन्याची सुट्टी उजाडली. बाल्सा मुंबईहून मागवलं. इंजिनाच्या बैठकीसाठी काकांनी घरातल्या जुन्या शिसवाचा तुकडा शोधला. शाबूत राहिलेला बाहेरचा पंख टेबलाच्या काचेवर ठेवला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. मागची कड टोकाकडे ४ मिलिमीटर वर उचललेली होती. पीळ. कोकणातले इतके पावसाळे पेटीत काढल्यावर लाकडाने पाणी पिऊन घेतलेला पीळ. शिसं कधीच जास्त नव्हतं. अधोरेखित केलेले ३० ग्रॅम बरोबर होते. मी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, ‘माझं नाही चुकलं म्हणजे,’ आणि त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा खळखळून हसले. किटलीच्या वाफेवर पंख धरून, उलट पिळून, थंड होईपर्यंत तसाच बांधून ठेवला. तीन वेळा करावं लागलं, कारण लाकूड थोडं थोडं परत जातं.

त्याच सुट्टीत थर्माकोलचा एक स्वस्त, विजेवर चालणारा ट्रेनर बांधून मी त्यावर उलटं उडवायला शिकले. तो एकवीस वेळा आपटला. एकवीस हा आकडा मला माहीत आहे, कारण तो लिहिलेला आहे.

निळ्या वहीत आता डावीकडच्या पानांवर काकांचं अक्षर आहे आणि उजवीकडे माझं. माझ्या नोंदीचा साचा आम्ही दोघांनी मिळून ठरवला: वेळ, वारा, टोकाचं शिसं, तारांची जागा पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मिलिमीटर, गुरुत्वमध्य तिथूनच किती, फेरीला लागलेले सेकंद, सुलट्यात पंख कसा, उलट्यात कसा, डोक्यावर ताण कसा. शेवटच्या रकान्याला काकांनी हट्टाने ‘बरे’ ठेवायला लावलं, पण त्याला शून्य ते पाच असे गुण आहेत. आणि सगळ्यात वर, चौकटीत: या उड्डाणाआधी काय बदललं? तिथे एकच ओळ मावेल एवढीच जागा ठेवली आहे.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सकाळची नोंद अशी आहे. सहा चाळीस. वारा नाही, दवामुळे गवत ओलं. शिसं ३०. तारांची जागा मूळ. बदल: पंखाचा पीळ काढला. फेरी ५.१ सेकंद. सुलट्यात पंख सपाट. उलट्यात पंख सपाट. डोक्यावर नेलं नाही.